जोडीदाराचं बोट

नवा माणूस भेटला की मी आधी त्याच्या उजव्या हाताकडे बघतो, तोंडाकडे नंतर. बायको म्हणते, "असे टकमक नोका पाहू जी, लोकांले वाटन का अंगठीवर डोळा हाये." गेल्या उन्हाळ्यात भाचीसाठी मुलगा बघायला गेलो होतो, तिथंही तेच. बाकीचे त्याला पगार विचारत होते, जमीन विचारत होते आणि मी तो चहाचा कप कसा धरतो ते बघत होतो. कप धरताना त्याची लागतील तेवढीच बोटं काम करत होती, उरलेली निवांत होती. घरी येऊन मी सांगितलं, पोरगा शांत डोक्याचा आहे, देऊन टाका. दिली. भाची सुखात आहे. त्याचं श्रेय मला कोणी देत नाही, पण ते असो.

ही खोड नोकरीनं लावली. मी भंडाऱ्याला पोलीस मुख्यालयात हत्यार शिकवणारा उस्ताद होतो. आमच्या खात्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, मग तो तालमीतला नसून लाखांदूरकडचा लांजेवार असला तरी. रायफल शिकवली, कार्बाइन शिकवली, पण माझा खरा विषय रिव्हॉल्वर, आणि त्यातही रिव्हॉल्वरचा चाप. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं चाप कसा ओढायचा, एवढी एकच गोष्ट मी जन्मभर शिकवली म्हटलं तरी चालेल. "एवढ्याचा पगार देते सरकार?" असं माझे सासरे विचारत. देत होतं, आणि वेळेवर देत होतं.

एकदा मात्र त्या एका बोटावरून एका म्हाताऱ्याचा जीव वाचला, आणि तो वाचवला म्हणून एका पोरीची वर्दीतली इज्जत पणाला लागली. निकाल माझ्या तोंडून जाणार होता आणि निकाल द्यायचा तर माझ्याच शिकवणीच्या विरुद्ध द्यावा लागणार होता. तीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी थोडा धंदा समजून घ्यावा लागेल.

रिव्हॉल्वरच्या मागच्या बाजूला घोडा असतो. तो गोळीच्या बुडावर आदळला की बार उडतो. खाली असतो तो चाप, बोटानं ओढायचा. आता हे हत्यार दोन तऱ्हेनं चालवता येतं. एक म्हणजे अंगठ्यानं घोडा आधी मागे खेचून अडकवून ठेवायचा. मग चापाला नुसता धक्का लागला तरी काम होतं. नेमही झकास लागतो. सिनेमातला हिरो हेच करतो, कारण त्याला घाई नसते. दुसरी तऱ्हा म्हणजे घोड्याला हात न लावता सरळ चाप ओढायचा. चापच घोडा उचलतो, गोळ्यांची चक्री फिरवतो आणि शेवटाला घोडा सोडून देतो. घोडा उचलणं आणि सोडणं, एका ओढीत ही दोन कामं, म्हणून तिला डबल ॲक्शन म्हणतात. ही ओढ लांब आणि जड. विहिरीतून भरली बादली वर काढताना जसा हात लागतो तसा इथं बोटाला जोर लागतो, आणि हिसका दिला की सांडतंच. ऐनवेळी अंगठ्यानं घोडा चढवत बसायला कोणाला सवड असते? म्हणून पोलिसाला दुसरी तऱ्हाच यायला हवी, असं माझं ठाम मत होतं, आजही आहे.

आमच्याकडची पोरं धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून आलेली. धान कापताना विळ्याची मूठ पाचही बोटांनी एकदम आवळतात आणि मनगट आपल्याकडे ओढतात. लहानपणापासून हाताला तेच वळण. रिव्हॉल्वर हातात दिली की हात म्हणतो, चला, विळा आला. पहिल्या बोटाबरोबर बाकीची चारही आवळतात, नळी खाली डावीकडे झुकते आणि गोळी मातीत जाते. तुमसरचा असो, पवनीचा असो की साकोलीचा, गोळ्या त्याच कोपऱ्यात. शहरातून आलेला एखादा पोरगा उजवीकडे मारायचा, तेव्हा मी ओळखायचो की यानं कधी विळा धरला नाही.

शहाण्यांची खोड वेगळी. ते चाप अर्ध्यावर आणून थांबतात, नेम धरतात, श्वास कोंडतात आणि मग उरलेलं अंतर हिसक्यानं संपवतात. गोळी भलतीकडेच जाते. त्यासाठी मी एक नियम केला होता आणि तो येता-जाता सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायचो: ओढ सुरू झाली की थांबायचं नाही. सावकाश ओढा, पण एका दमात शेवटापर्यंत न्या. ज्याचं मन बनलं नाही त्यानं बोट चापावर ठेवूच नये.

सरावासाठी रिकामी रिव्हॉल्वर द्यायचो. नळीच्या टोकाला नेमाची बारीक खुंटी असते, तिला आम्ही माशी म्हणतो. तिच्या मागे काहीतरी ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. सगळीकडे त्यासाठी रुपया ठेवतात. रुपया जड, आळशासारखा पडून राहतो. मी धानाचा दाणा ठेवायला लावायचो. नुसता श्वास जोरात सोडला तरी तो घरंगळतो. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एका पोरानं अगदी गंभीर तोंड करून विचारलं होतं, "उस्ताद, बारीक धान ठेवू का जाडा?" त्याला मी मैदानाला चक्कर मारायला पाठवलं, आणि तो गेल्यावर पोट धरून हसलो.

दुसरी माझी पद्धत जोडीची. एकानं मारायचं आणि जोडीदारानं बाजूला गुडघ्यावर बसून फक्त त्याचं बोट बघायचं. टार्गेटकडे बघायची मनाई. गोळी कुठं गेली असेल ते बोटावरून सांगायचं आणि मगच पुढं जाऊन भोक बघायचं. लोकांना आधी हा उस्तादाचा चक्रमपणा वाटायचा. पण दुसऱ्याची चूक डोळ्यांत भरली की आपली आपोआप कळते, हे मी स्वतःवरून शिकलो होतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. परवान्याचं हत्यार घेणाऱ्यांनाही हत्यार सांभाळून वापरायचं शिकावं लागतं. त्यात एक राइस मिलवाले शेठ आले होते. स्वभावानं मोकळे, अंगानं भरलेले, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात बोराएवढ्या पुष्कराजाची अंगठी. ती चापाच्या कडीत अडकायची. बोट आत जाईना, गेलं तर बाहेर येईना.

"शेठ, अंगठी काढा," मी म्हणालो.

"ते नाही जमणार उस्तादजी. गुरुजीनं सांगतलं हाये, हे काढली त मिल बंद पडन."

"आणि नाही काढली तर बोट तुटेल."

शेठ विचारात पडले. बोट आणि मिल यांत काय निवडायचं हा खरोखरच अवघड प्रश्न असावा. शेवटी म्हणाले, "मंग डाव्या हातानं शिकवा ना जी."

मी कपाळावर हात मारला आणि शिकवलं. गंमत अशी की शेठ डाव्या हातानं फार सुरेख मारायला लागले. डाव्या हातानं त्यांनी कधी काही केलंच नव्हतं. ना विळा धरला, ना नोटा मोजल्या. त्या हाताला एकही वाईट सवय नव्हती. मिलही चालू राहिली. पुढे कित्येक उजव्या हातांच्या पोरांना मी मुद्दाम डाव्या हातानं सराव करायला लावलं, ते शेठच्या कृपेनं.

आता वैशालीकडे येतो. वैशाली पडोळे मूळची पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. शिपाई म्हणून भरती झाली आणि खात्यातली परीक्षा देऊन फौजदार झाली. फौजदाराला कमरेला रिव्हॉल्वर येते, म्हणून ती माझ्याकडे आली. हात इवलासा. बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं. पहिल्या दिवशी तिच्या सगळ्या गोळ्यांनी मातीचा ढिगारा तेवढा उकरला.

"सर, हा चाप मायं ऐकतच नाही," ती म्हणाली. चिडली होती. रडवेली नव्हती, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

"चापाला कान नसतात. बोटाला सांग."

तिचा जोडीदार ठवकर. तोही नवाच फौजदार, कुस्ती खेळलेला, पंजा असा की रिव्हॉल्वर त्यात खेळणं वाटावी. अंगठ्यानं घोडा चढवून मारायला दिलं की टार्गेटच्या मधोमध चाळणी करायचा आणि मग सगळ्यांकडे बघायचा. डबल ॲक्शनला आला की करंगळीपासून सगळी मूठ आवळायचा. वैशाली बाजूला बसून सांगायची, "ठवकरभाऊ, करंगळी आवळली. खाली डावीकडे गेली."

"बाई, तू माया करंगळीच्या मांगं काहून लागली?"

"उस्तादनं बसवलं हाये म्हून."

भोक बघितलं की ते खाली डावीकडेच निघायचं. दिवस जात गेले तशी तिची नजर अशी तयार झाली की मी बाकीच्या जोड्यांकडेही तिलाच पाठवायला लागलो. कोणाचं बोट फार आत जातं, कोण शेवटाला घाबरतं, कोण डोळे मिटतो, सगळं ती हातावरून सांगायची. ठवकरची मात्र उलट तऱ्हा. तिचं बोट बघायला बसवला तरी त्याची मान हळूच स्वतःच्या टार्गेटकडे वळायची. पोरगा मनानं वाईट नव्हता. आपल्या भोकांवर त्याचा जरा जास्त जीव होता, एवढंच.

दोघंही पास झाले, आणि नशिबानं दोघांची नेमणूक एकाच बाजूला झाली. नाकाडोंगरीच्या पलीकडे जंगलाला लागून एक लहान गाव आहे. तिथल्या सोमाजी नावाच्या म्हाताऱ्याकडे भरमार बंदूक आहे अशी खबर आली. भरमार म्हणजे पुढून दारू ठासून भरायची जुनी बंदूक. धानात डुकरं शिरतात म्हणून आजे-पणजे ठेवायचे, परवाना कोणाकडेच नसायचा. खबऱ्यानं वर मीठ-मिरची लावली की बुढा तापट आहे आणि बंदूक सदा भरलेली असते.

सकाळीच ही दोघं दोन शिपाई घेऊन गेली. पुढं काय झालं ते मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे आणि दोघांच्या सांगण्यात तिळाएवढाही फरक नाही. ठवकर अंगणात दारासमोर उभा राहिला, वैशाली बाजूला गोठ्याच्या खांबाशी. ठवकरनं आवाज दिला, "बुढेबा, बंदूक बाहेर आण." म्हातारा दारात आला, दोघांकडे बघितलं आणि तसाच आत गेला. वैशालीनं रिव्हॉल्वर काढून हातात घेतली.

थोड्या वेळानं अंधाऱ्या दारातून बंदुकीची नळी बाहेर आली. नळीच आधी आली, आणि ती सरळ ठवकरच्या पोटावर होती.

वैशालीनं चाप ओढायला घेतला. माझ्या नियमाप्रमाणे, सावकाश, एका दमात. घोडा अर्ध्याच्या वर गेला असताना नळीच्या मागून म्हाताऱ्याचे हात उजेडात आले. दोन्ही तळवे वर, बोटं सरळ पसरलेली, आणि त्या तळव्यांवर बंदूक आडवी ठेवलेली. चापापाशी एकही बोट नव्हतं. तिनं बोट थांबवलं, आणि चाप जसा ओढला होता तसाच हळूहळू पुढं जाऊ दिला. घोडा आवाज न करता खाली बसला.

ती बंदूक म्हाताऱ्याच्या बापाची. दरवर्षी दसऱ्याला तिची पूजा व्हायची, मागच्या लाकडी दस्त्यावर हळदी-कुंकवाचा थर बसला होता. पुजलेली वस्तू एका हातानं लटकवत आणायची नाही, दोन्ही हातांवर घेऊन आणायची, अशी त्यांच्या घरची रीत. तशी ती आडवी धरली तर अरुंद दारातून निघेना. म्हणून म्हातारा बाजूला वळून, तिरका होऊन बाहेर आला. म्हणून नळी आधी आली. बाहेर येऊन त्यानं ती वैशालीपुढं केली आणि म्हणाला, "बाई, हे आमच्या बाची हाये. घेऊन जा. पन कोठीबी पायदळी नोको टाकजो."

आता या गोष्टीची दुसरी बाजू. बंदूक तपासली तर ती भरलेली निघाली. दारू होती, छर्रे होते. फक्त वरची टिकली, जिच्यावर घोडा आपटून ठिणगी पडते, ती बसवलेली नव्हती. म्हणजे बार उडाला नसता. पण हे समोर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं?

ठवकरनं वरिष्ठांना सांगितलं की माझ्या पोटावर भरलेली बंदूक आली आणि जोडीदारानं चाप अर्धा ओढून सोडून दिला, ती कचरली. कचरली हा शब्द आमच्या खात्यात फार वाईट. तो एकदा चिकटला की माणूस हत्याराच्या कामातून कायमचा उठतो, टेबलावर बसतो आणि पाठीमागे लोक हसतात. बाईमाणूस असेल तर जास्तच हसतात.

साहेबांनी मला बोलावलं. आमचे तेव्हाचे साहेब कमी बोलणारे, पण सरळ. म्हणाले, "लांजेवार, ओढ सुरू झाली की थांबायचं नाही, हे तुम्हीच शिकवता ना?"

"हो साहेब."

"ती थांबली. तुमच्या हिशोबानं ती नापास की पास? तिला बाहेर ठेवू की आत बसवू, तुम्ही सांगा."

मी एक दिवस मागून घेतला. घरी जेवण गोड लागलं नाही. नियम माझा होता, तो मी शेकडो पोरांना घासून घासून शिकवला होता आणि तो खोटा नव्हता. पण ती थांबली नसती तर हातावर पूजेची बंदूक घेऊन येणारा एक म्हातारा स्वतःच्या दारात मेला असता, आणि सरावात जो नियम पाळला म्हणून मी तिची पाठ थोपटली होती, त्याच नियमानं मेला असता. मला स्वतःचा राग आला, तिचा अभिमान वाटला, आणि ठवकरचंही चुकत नाही असंही वाटलं. पोट त्याचं होतं. सगळं एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, "चांदमारीच्या मैदानावर या साहेब. दोघांनाही बोलवा. आधी मला काहीतरी बघायचंय." चांदमारी म्हणजे आमची गोळीबाराची जागा.

रिव्हॉल्वर रिकामी आहे हे मी बघितलं, साहेबांनी बघितलं, दोघा फौजदारांनी बघितलं. माशीमागे धानाचा दाणा ठेवला. सांगितलं, नेहमीसारखा चाप ओढा. मध्येच मी थांब म्हणेन, तेव्हा थांबा आणि चाप परत सोडा. कधी म्हणेन ते सांगणार नाही.

आधी मुख्यालयातले दोन अनुभवी हवालदार उभे केले. घोडा वर निघाला, मी म्हणालो, "थांब." टक्. दुसऱ्याचंही तेच. शब्द कानात गेला होता, बोटापर्यंत पोचायच्या आधी घोडा पडला होता. मग ठवकर. तो मन लावून उभा राहिला. मी "थांब" म्हणालो. टक्. पुन्हा केलं. टक्. तिसऱ्यांदा तर माझा शब्द तोंडातून निघायच्या आत त्याची मूठ आवळली आणि दाणाही गेला.

"बोटच आयकत नाही जी," तो पुटपुटला.

वैशाली उभी राहिली. तोंड पांढरं पडलं होतं, हात मात्र नेहमीचा होता. चाप मागे यायला लागला, घोडा उचलला गेला, अर्ध्याच्या वर गेला. "थांब," मी म्हणालो.

घोडा तिथंच थांबला. मग दमानं, आला त्याच वाटेनं, परत खाली बसला. नळीवरचा दाणा होता तिथंच होता. मी पुन्हा सांगितलं, आणखी वर गेल्यावर थांबवलं. पुन्हा तेच.

कचरलेल्या माणसाचं बोट असं नसतं. कचरलेलं बोट एकतर थरथरतं किंवा दगड होतं. हे बोट पूर्ण तिच्या हुकमात होतं, जातानाही आणि येतानाही.

साहेब म्हणाले, "लांजेवार, हे तुम्ही शिकवलं?"

"नाही साहेब. मी फक्त जायचं शिकवलं होतं. यायचं शिकवलं नव्हतं."

"मग?"

मी वैशालीकडे बघितलं. ती म्हणाली, "दाण्यानं शिकवलं सर. घोडा पडला का चाप एकदम सोडला, त मांगून दाणा उडून जाते. मंग घडीघडी वाकून दाणा शोधा लागे. त्याच्यापायी मी हळूहळू सोडाची सवय लावली. मंग अर्ध्यातूनबी सोडून पाहो."

म्हणजे वाकायचा कंटाळा! पण दाणा माझा होता, हे मी या ठिकाणी नमूद करतो. रुपया ठेवला असता तर ती हे कधीच शिकली नसती.

"आणि त्या दिवशी थांबलीस कशी?" साहेबांनी विचारलं. "नळी दिसत होती ना?"

"दिसून राहिली व्हती सर. पन मी हातच पाहून राहिली व्हती. उस्तादनं बाजूले बसवून बसवून तेच पाहाची सवय लावली. बंदूक असो का काही असो, नजर बोटावरच जाते माई. बोट चापावर नव्हतं."

मैदानाच्या कडेला शिपायांची पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. ठवकर आपल्या पंजाकडे बघत उभा होता. मग तो साहेबांकडे वळला.

"साहेब, मी असतो त बुढा गेला असता," तो म्हणाला. "माये शब्द मांगं घेतो जी."

तेवढं बोलायला छाती लागते. कुस्तीवाल्याला चारचौघांत पाठ टेकवणं काय असतं ते मला माहीत आहे. त्या दिवसापासून मी ठवकरला मानतो.

वैशाली बाहेरच राहिली, हत्यारासकट. पुढच्या तुकडीपासून माझ्या शिकवण्यात एक धडा वाढला. ओढ सुरू झाली की हिसका नाही, आळस नाही, हे कायम ठेवलं. पण निम्मा वेळ परतीच्या वाटेला दिला. थांब म्हटलं की थांबायचं आणि दाणा न पाडता चाप परत न्यायचा. माझ्याच हाताखालच्या एका तरुण उस्तादानं तोंडावर विचारलं होतं, "उस्ताद, यानं पोरं कचरतील. एखाद दिवशी टिकली लावलेली असन, मंग?" रात्री कधी झोप लागली नाही तर आजही तोच प्रश्न येऊन बसतो. मी त्याला एवढंच म्हणालो की ज्याला परत येता येतं तोच पुढं नीट जातो, टार्गेटं बघून घे. टार्गेटं खरंच सुधारली होती. आता नवी पिस्तुलं आली आहेत, चाप हलके झाले आहेत, दाणा ठेवायला सपाट जागाही आहे. पोरं अजून मला फोन करून विचारतात, बारीक ठेवू का जाडा.

सोमाजीवर खटला झाला, जामीन मिळाला, कायद्याचं जे व्हायचं ते झालं. मागच्या वर्षी वैशाली सिहोऱ्याकडे, म्हणजे सोमाजीच्या गावाच्या बाजूलाच, बदलून आली. दसऱ्याला तिचा फोन आला, "सर, बुढ्याचं बोलावणं आलं हाये. तुमालेबी आना म्हणते." मी निवृत्त माणूस, मला काय काम? गेलो.

घर तसंच होतं, दार तसंच अरुंद. आत पाटावर विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडून पूजा केलेली. मध्ये एक लांबट जागा रिकामी सोडलेली होती आणि तिथं नुसती हळद-कुंकवाची बोटं ओढली होती. मी त्या जागेकडे बघितलं आणि कशाची म्हणून विचारलं नाही.

आम्ही अंगणात खाटेवर बसलो. म्हातारा आत जाऊन आपट्याची पानं घेऊन आला, ताटात घालून, ताट दोन्ही तळव्यांवर. ताट काही दारात अडकत नव्हतं, तरी तो सवयीनं तिरका होऊनच बाहेर आला. माझी नजर त्याच्या बोटांवर गेली. वैशालीकडे बघितलं तर तीही तिथंच बघत होती.

म्हाताऱ्यानं तिच्या हातात सोनं ठेवलं आणि तिचा उजवा हात तसाच धरून ठेवला.

"बाई, येक इचारू? त्या दिशी तू मले मारतच व्हती. तुया घोडा वर उठलेला मी पाह्यला. मंग थांबली कायले?"

वैशालीनं हात सोडवून घेतला नाही.

"तुमची बोटं दिसली जी, बाबा," ती म्हणाली.